इशारा आधी, हुकूम नंतर

कुपवाड, १७ ऑगस्ट २०२५

बिरदेव,

कागद फाडायचा असंल तर वाचून फाड. न वाचता फाडलास तर मला कळंल. ह्यात मी तुला एक काम सांगितलंय, आणि ते झालं न्हाई म्हंजे तू वाचलं न्हाईस.

माझा फोन तू उचलत न्हाईस. का ते मला ठाऊक हाय. संक्रांतीला बोलता बोलता मी फोन गुपचूप तुझ्या लेकीच्या कानाला लावला. ती नुसती ‘पप्पा’ म्हणाली आणि तू बंद केलास. तवापासनं माझा नंबर दिसला की तुझं बोट आखडतंय. शालनला तेवढा आठवड्यातनं एकदा लावतोस. मेंढरं किती, विहिरीला पाणी किती, विचारतोस आणि ठेवतोस. बायकोशी बोलायची ही रीत तुला जबलपूरला मिल्ट्रीत शिकवली का तुझ्या बापानं, देव जाणे. म्हणून कागद. मी तिसरी शिकलीय. अक्षर लेंड्या सांडल्यासारखं हाय, पण वाचता येतंय.

आता ऐक. मी आणि उत्कर्षा कुपवाडला खोली घेऊन राहतोय. गावाकडं शालन बघती. पोरगी विश्रामबागच्या जिममधी टेबलावर बसती, आल्यागेल्याची नावं लिहिती, कुलपाच्या किल्ल्या देती. तिथंच ते स्टेप एरोबिक्स चालतंय. तू भावकीतल्या दादासोच्या व्हिडिओत बघितलंस ते. वीतभर उंचीचा पाट असतोय, प्लास्टिकचा. गाणं लावायचं आणि तालावर त्याच्यावर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. तासभर. कुठंच पोचायचं न्हाई. मी पहिल्यांदा बघितलं तवा म्हटलं, ह्या बायकांच्या घरात जिने न्हाईत काय?

पण चार दिवस बसून बघितलं. सोपं न्हाई ते. टाच पाटाबाहेर लोंबली की पाय मुरगाळला. उजवा कवा, डावा कवा, हे डोस्क्यात ठेवावं लागतंय. बत्तीस आकड्यांचा एक फेर असतोय, तो चुकला की बायका एकमेकींवर आदळतात. त्यांच्यापुढं उभी राहून जी सगळ्यांना चालवती ती शिकवणारी. उत्कर्षाला ती व्हायचंय. नाचणारी न्हाई, शिकवणारी. दोन्हीत काय फरक ते तुला कळंल. तू स्वतः पोरांना परेड शिकवून भाकरी खातोस.

१२ ऑक्टोबरला सातारचे सर सांगलीत येणार. आठ बायका पुढ्यात देणार आणि म्हणणार, चालव. चालवलं तर सातारला तीन महिन्यांचं शिक्षण, आणि मग ती पक्की शिकवणारी. न्हाई चालवलं तर टेबलावरच किल्ल्या देत बसायचं. जिमच्या प्रियदर्शनी मॅडम सांगतात, तिचे पाय शंभर नंबरी हाईत. आवाज न्हाई. तोंड उघडती, हवा येती.

आवाज कुठं गेला ते मी सांगत न्हाई. गेल्या दसऱ्याला बिरोबाच्या देवळात, चारचौघांत, तू देवाचा भंडारा मुठीत उचलून शपथ घेतलीस. ‘हिच्या अंगावर वर्दी चढंस्तोवर मी हिच्याशी बोलणार न्हाई.’ पोलीस भरतीच्या मैदानावर पोरगी पडली म्हणून नव्हं. पडल्यावर तीन महिन्यांनी ती जिममधी हसत उड्या मारताना दादासोनं भावकीच्या ग्रुपवर दाखवली म्हणून. मुठीतला भंडारा माझ्या हातावर ओतलास आणि यष्टीत बसलास. तो भंडारा कुठं गेला हे तू विचारलं न्हाईस. असो.

काम असं. दोनशे पोरांना तू मैदानाच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला हाक घालतोस आणि तुझा घसा बसत न्हाई. ते कसं, ते लिहून पाठव. तिला नको, मला पाठव. माझ्याशी बोलायचं न्हाई असा काय भंडारा तू उचललेला न्हाईस.

गुडघा म्हणून काय थोडा दुखला होता तिचा, तो आता बरा हाय.

भामाबाई धुळा. सही माझीच, कुणाकडनं करून घेतली न्हाई.


कुपवाड, ३१ ऑगस्ट

बिरदेव,

चौदा दिवस झाले. पोस्टमन म्हणतोय मिल्ट्रीचा कागद लवकर जातोय. म्हंजे पोचलाय.

तू लिहिलं न्हाईस म्हणून आमी काय हात बांधून बसलो न्हाई. पाट जिममधनं घरी आणू देत न्हाईत, म्हणून इथल्या सुतारानं लाकडाचा करून दिला. वीतभर उंच, दीड हात रुंद. शहाबादी फरशीवर ठेवला तर उजवा पाय पडला की पाट डावीकडं पळाला. एकदा पोरगी पडता पडता वाचली. खाली गोणपाट घातलं, ते गोळा झालं. रबर आणलं, ते वास मारायला लागलं.

मग मी तुझ्या बापाचं घोंगडं कापलं.

आता उठून उभा राहिला असशील. बस. काळं घोंगडं, ज्याच्यावर पंच बसायचे, ज्याच्यावर तुझ्या लग्नाची सुपारी फुटली, तेच. वर्षानुवर्षं पेटीत घडी करून ठेवलं होतं, वर्षातनं एकदा दसऱ्याला बाहेर. कसर लागायला लागली होती. त्याची लोकर मी स्वतः कातलीय, मेंढरामागं चालता चालता, तू पोटात होतास तवा. त्यामुळं कापायचा हक्क कुणाचा, ह्यावर वाद नको. चार तुकडे केले, पाटाच्या चार कोपऱ्यांखाली घातले. हलंल तर शप्पथ. उरलेलं घडी करून पुन्हा पेटीत हाय.

उत्कर्षा रडली. ‘आजे, आज्याचं घोंगडं गं.’ मी म्हटलं, तुझ्या आज्यानं त्याच्यावर बसून उभ्या जन्मात जेवढे निवाडे केले त्यातले निम्मे चुकीचे होते. आता तेवढं तरी नीट कामाला येऊ दे.

दुसरं. एमआयडीसीच्या मागं मोकळा माळ हाय. तिथं गेल्या आठवड्यात जतकडचा एक मेंढका उतरला, तानाजी म्हणून. शंभरेक मेंढरं. मी त्याच्याकडं जाऊन बसले, आपल्यातलं माणूस म्हटल्यावर त्यानं च्या दिला. सकाळी पोरीला घेऊन गेले. म्हटलं, तानाजी, तुझी मेंढरं हिला जरा वळवू दे.

तो हसला. ‘आजी, शहरातली पोरगी, मेंढरं तिचं काय ऐकणार?’

‘ऐकणार न्हाईत,’ मी म्हटलं, ‘तेच तिला दाखवायचंय.’

पोरगी उभी राहिली. पायात ते पांढरे बूट. म्हणाली, ‘ए... इकडं... या ना.’ या ना! मेंढराला! एका बकऱ्यानं मान वर केली, बघितलं, पुन्हा चरायला लागलं. तानाजी पोट धरून हसला. मग ती जरा जोरात ओरडली, तर घसा चरकला आणि खोकला आला. मेंढरं चालत चालत थेट कारखान्याच्या कुंपणाकडं निघाली. आतला वॉचमन काठी घेऊन बाहेर आला.

मग मी उठले. मला आता सत्तर व्हायला आलीत, कंबर सरळ होत न्हाई. पण कळप कुंपणाला टेकायच्या आधी दहा पावलं मी टाळा घातला, मेंढरं वळवायची आरोळी. सगळी मेंढरं वळली, वॉचमनसुद्धा दोन पावलं मागं सरला.

उत्कर्षा म्हणाली, ‘तू आधीच कशी ओरडलीस? ती तर अजून सरळच चालली होती.’

म्हटलं, कुंपणाला टेकल्यावर ओरडून काय करू, कुंपणाला सांगू?

तेवढं तिच्या ध्यानात आलं. मॅडम पण हेच सांगतात म्हणे, पुढची पावलं यायच्या आधी सांगायची, आल्यावर न्हाई. आकडे उलटे म्हणायचे, चार, तीन, दोन, आणि मग पावलाचं नाव. ध्यानात आलं, पण तोंडातनं आलं न्हाई. मेंढरांना हाकायचा माझा टाळा तिला जमत न्हाई. तो तोंडाच्या आत कुठंतरी वळतोय, तो लहानपणीच बसावा लागतोय. तुला मी शिकवला होता. तिला शिकवला न्हाई, कारण तू म्हणालास, माझी लेक मेंढरं राखणार न्हाई.

तवा तुझीच पद्धत लागणार. लिही.

मी थांबलेय.


कुपवाड, १४ सप्टेंबर

बिरदेव,

मिळालं. चार ओळी. वर आईला नमस्कार न्हाई, खाली सही न्हाई. पण पेन दाबून लिहायची तुझी सवय मला माहीत हाय. मागच्या पानावर उठलंय.

‘ज्याला शिकायचे आहे त्याने’ असं लिहिलंस. नाव घ्यायचं न्हाई म्हणून केवढी कसरत! तुझ्या चार ओळी मी चुलीपाशी भिंतीला चिकटवल्या न्हाईत, माझ्या चंचीत ठेवल्यात, सुपारीबरोबर. तिला मी माझ्याच म्हणून सांगते. आवाज घशातनं काढायचा न्हाई, बेंबीच्या खालनं काढायचा, पोट आत दाबून. हुकमाचे दोन भाग. आधी इशारा, लांब ओढून. मग दोन पावलांची जागा. मग हुकूम, आखूड, तोडून. ‘पीछेऽऽ’, थांब, ‘मुड!’ इशारा ऐकून माणूस तयार होतो, हुकूम ऐकून करतो. दोन्ही एकदम दिले तर निम्मे वळतात आणि निम्मे तोंडावर पडतात. आणि शेवटची ओळ, ‘समोरच्यांकडे बघून ओरडू नये. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे बघून ओरडावे.’

चांगलं लिहिलंस. मला वाटलं न्हवतं तू एवढा शिकलायस.

आता आमी रोज सकाळी साडेपाचला त्या माळावर जातो. तानाजी पुढं गेला, कळप न्हाई. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला दगडावर. मी शेवटच्या रांगेतली शेवटची. तिथनं ती म्हणती, ‘व्ही स्टेपऽऽ’, मग थांबती, मग ‘नाऊ!’, म्हंजे आता. मला ऐकू आलं तर मी काठी वर करते. न्हाई आलं तर काठी खाली. पहिल्या आठवड्यात काठी एकदाच वर झाली, आणि ती पण मला डास चावला म्हणून.

सातच्या सुमाराला पाळी बदलती तवा कामगारांच्या मोटारसायकली तिथनं जातात. परवा दोघं थांबले. एक म्हणाला, ‘काय आजी, कुणाला सलामी देतीय पोरगी?’

मी म्हटलं, ‘तुझ्या सासूला. ये, तूबी उभा राहा, माणसं कमी पडतात.’

तो पळाला. पण पोरगी हसली, आणि हसल्यावर पुढचा आवाज निम्म्या माळापर्यंत आला. निम्म्या. पूर्ण न्हाई. बारा तारखेला खोलीत मोठ्यानं गाणं वाजत असणार, त्याच्यावरनं पोचायला पाहिजे. मॅडमनी काल स्पष्ट सांगितलं. ‘आजी, मला खोटी आशा दाखवायची न्हाई. सर आवाजाशिवाय घेणार न्हाईत. दसऱ्यापर्यंत जमलं न्हाई तर मी तिचं नाव देत न्हाई.’ मी म्हटलं, द्या. जमंल. बाईनं माझ्याकडं बघितलं आणि यादीतनं नाव खोडलं न्हाई. अजून.

तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ खोडलीय. मी उजेडाला धरून वाचली. ‘पळणे झेपले नाही म्हणून नाच धरला का?’

खोडलंस ते बरं केलंस. पण विचारलंस ते पण बरं केलंस. उत्तर देते. आज न्हाई, आज हात दुखतोय.


कुपवाड, २१ सप्टेंबर

बिरदेव,

हात दुखत नव्हता. लिहायचं नव्हतं, म्हणून तसं लिहिलं.

पळणं तिला झेपत होतं. आठशे मीटर ती तीन मिनिटांच्या आत काढायची, अकॅडमीतल्या पोरांनी घड्याळ लावून बघितलंय. भरतीच्या महिनाभर आधी गुडघा धरला. मी आणि ती डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाला, आतली दोरी ताणलीय, महिनाभर पळायचं बंद, न्हाईतर कायमचं जाईल. चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी मी चंचीत घातली. शालनला सांगितलं, काय न्हाई, मुरगाळलाय. पोरीला सांगितलं, डॉक्टर पैलवानाला पण झोपूनच राहा म्हणतात, त्यांना काय कळतंय. निर्गुडीचा पाला शेकून बांधला. भरतीच्या आदल्या दुपारी गुडघा भोपळ्यासारखा होता. ती म्हणाली, ‘आजे, पप्पांना फोन करून सांगू?’ मी म्हटलं, खबरदार. तो तिकडं लोकांना सांगून बसलाय. तू पळ.

ती पळाली. दुसऱ्या फेरीत वळणावर पडली. उठून पुन्हा पळाली, पुन्हा पडली. मी कुंपणाच्या बाहेर होते. बघत होते.

का केलं? तुझ्यासाठी केलं असं म्हणता येईल, आणि वर्षभर मी मनाला तेच सांगितलं. तसं न्हाई. मला वर्दीतली नात बघायची होती. मेंढरामागं फिरले तवा दर गावच्या पाटलानं, दर शिपायानं मला हटकलंय. इथनं उठ, तिथं बसू नको. आपल्या दारात शिपाई उभा राहावा आणि तो आपलाच असावा, असं वाटत होतं. त्या पायी पोरीचा पाय घालवला. तू ज्याच्यासाठी पोरीवर रुसलास ते माझं हाय. तू भंडारा उचललास तवा मी तिथंच उभी होते. तवाच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं न्हाई. घरात एकाच वेळी दोघींचा आवाज गेला म्हण.

आणि नाच तिनं धरला न्हाई. पाय सुधरायला डॉक्टरनं एक कसरत दिली. कमी उंचीच्या पायरीवर चढायचं आणि हळू उतरायचं, आधी दहा वेळा, मग वीस. पळायचं आयुष्यभर न्हाई, पण हे चालंल, ह्यानं मांडी भरंल, गुडघ्यावरचा भार जाईल. मी तिला उंबऱ्यावर पाय ठेवू दिला न्हाई, म्हणून ओट्याच्या पायरीवर करायची. दोन महिने. दहा वरनं शंभरवर गेली. तालात चढली की दुखत न्हाई, हे तिला कळलं म्हणून तोंडानं गाणं म्हणायची. जिममधी टेबलावर लागली तवा तिथल्या पायरीवर पण करायची; मॅडमनी ते बघितलं आणि तिला टेबलावरनं उठवून बायकांत उभी केली. दादासोनं व्हिडिओ काढला त्या दिवशी ती पडल्यापासनं पहिल्यांदा न लंगडता चालली होती. म्हणून हसत होती.

हे तुला ठाऊक नव्हतं. आता हाय. मला शिव्या द्यायच्या तर दे. पोरीला देऊ नको.

भामाबाई.


कुपवाड, ५ ऑक्टोबर

बिरदेव,

दसरा झाला. तुझा कागद न्हाई. पण परवा शालनला फोन केलास तवा मेंढरांचं विचारायच्या आधी विचारलंस म्हणे, ‘कुठला गुडघा?’ शालननं ते माझ्यावर ढकललं. म्हणून मी लिहिते. उजवा.

इथं वेगळंच झालं. गेल्या मंगळवारी पोरगी माझी चंची घेऊन सुपारी काढायला बसली. तुझा कागद हाती लागला. मी चूल बघत होते. मागनं काय आवाज येईना म्हणून वळले, तर ती तो कागद धरून बसलेली.

‘आजे, हे पप्पांचं अक्षर हाय.’

‘असंल.’

‘तू सांगायचीस हे सगळं तुझं हाय. पोट दाब, दोन पावलं थांब. हे पप्पांनी लिहिलं? माझ्यासाठी?’

‘‘ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी’ लिहिलंय. वाच नीट.’

मग तिनं विचारलं, ‘त्यांना गुडघ्याचं सांगितलंस?’ मी म्हटलं, सांगितलं. कुणी पळायला लावलं ते पण सांगितलं.

बिरदेव, मला वाटलं पोरगी रडंल. ती उठून उभी राहिली. आणि ओरडली. ‘एक वर्ष! एक वर्ष त्यांना वाटलं मी कामचुकार हाय! आणि तुला माहीत होतं! तू गप्प बसलीस! तू मला पळायला लावलंस आणि तूच गप्प बसलीस!’ तवा भांडी वाजली. शेजारची बाई दारात आली, खालचा घरमालक वर आला. लाकडी पाटावर ठेवलेला तांब्या खाली पडला, तो तेवढा घोंगड्याच्या तुकड्यावर पडला म्हणून चेपला न्हाई.

तिचं खरं होतं. तिला दम लागला आणि ती थांबली तवा मी म्हटलं, ‘आत्ता कुठनं आला आवाज?’

तिनं हातातला कागद खाली ठेवला.

‘हात ठेव,’ मी म्हटलं. तिनं पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली. म्हटलं, बारा तारखेला हाच घेऊन जायचा. माझ्यावरचा राग ठेव, काढून टाकू नको, कामाला येईल.

ती माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. पण सकाळी साडेपाचला माळावर गेली. मी दगडावर बसले. ती त्या टोकाला. ‘टर्न स्टेपऽऽ’, दोन पावलं, ‘नाऊ!’ पूर्ण माळ ओलांडून आला. मी काठी वर केली. पुढच्या वेळी काठी वर करायच्या आधीच तिनं पाठ फिरवली, म्हणजे तिला ठाऊक होतं.

मॅडमनी नाव दिलं.

बोलत न्हाई ती अजून धड. भाकरी वाढते तेवढं ‘पुरे’ म्हणती. बापाची लेक हाय.


कुपवाड, १२ ऑक्टोबर

बिरदेव,

आज झालं ते सांगते. जसं ऐकलं तसं, कारण बघितलं न्हाई.

विश्रामबागला दहाला गेलो. बाहेरच्या माणसांना आत सोडत न्हाईत. मी दाराबाहेर बाकावर बसले, चपलांच्या ढिगाशेजारी. तिच्या आधी तिघी झाल्या. दार बंद, काचेला आतनं कागद लावलेला. गाणं धडाधड वाजत होतं, त्यात त्या पोरींचे आवाज कुठं बुडायचे ते कळायचं न्हाई. नुसते पाय ऐकू यायचे. धबधब, धब, धबधब. एक पुढं, एक मागं, पाऊस पत्र्यावर पडावा तसं.

मग उत्कर्षा आत गेली. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाई. पाटाला हात लावून तो कपाळाला लावला तेवढं दार लागताना दिसलं. लाज वाटली न्हाई तिला, मला बरं वाटलं.

गाणं सुरू झालं. पहिली दोन मिनिटं तेच. धबधब, धब. मग एक आवाज आला, गाण्याच्या वरनं, दाराच्या फटीतनं, ‘बेसिकऽऽ राइटऽऽ’, आणि थांबला. एवढा थांबला की मी श्वास धरला. ‘नाऊ!’

मी बाकावरनं उठले. खरं सांगते. मला वाटलं तू आलास. रजा काढून आलास आणि आत शिरलास. दार ढकलणार होते. मग पुन्हा आला आवाज, आणि कळलं, तू न्हाईस.

त्याच्यानंतर पाय एकदम पडायला लागले. आठ बायकांचे सोळा पाय, एक धब्ब, एक धब्ब. चपलांचा ढीगसुद्धा हलत होता. मी काठी वर करून धरली. कुणी बघणारं नव्हतं, तरी धरली.

शेवटी एक घोटाळा झाला. गाणं संपायच्या आधी बायकांना हळूहळू उतरवायचं असतंय, पावलं बारीक करत, म्हंजे छातीचे ठोके खाली येतात. तिच्या डोस्क्यात तुझा कागद. ती ओरडली, ‘थम!’ आठही बायका जागच्या जागी दगड. गाणं एकटंच वाजून संपलं. आतनं सातारच्या सरांचं हसू ऐकू आलं. मग म्हणाले, ‘बाई, हे मिल्ट्री न्हाई. माणसाला असं एकदम थांबवायचं नसतंय, त्रास होतोय. हळू आणायचं.’ त्याचे मार्क कापले. ते तुझे गेले, तिचे न्हाईत.

घेतलं. एक तारखेपासनं सातार. मॅडमनी मला येऊन सांगितलं, ‘आजी, मागच्या भिंतीपर्यंत पोचला.’ मी म्हटलं, मागची भिंत काय, बाहेरच्या बाकापर्यंत पोचला.

घरी येताना रिक्षात पोरगी बोलली. एवढंच म्हणाली, ‘आजे, तुला ऐकू आलं?’ मी म्हटलं, आलं. मग खोली येईपर्यंत माझा हात धरून बसली. तिचा घामट होता, तरी धरू दिला.

आता तुझं. ह्या कागदाच्या घडीत एक पुडी हाय, उघडताना जपून, सांडंल. पिवळं दिसंल ती स्वैपाकाची हळद न्हाई. तो तुझाच भंडारा हाय. गेल्या दसऱ्याला माझ्या हातावर ओतलास तो. मी देव्हाऱ्यात टाकला न्हाई, वाऱ्यावर सोडला न्हाई. चंचीत ठेवला, एक वर्ष. पुजाऱ्याला विचारलं, शपथ सुटायला हा मी देवापुढं खाली ठेवू का? तो म्हणाला, ज्याच्या मुठीत उचलला त्याच्याच मुठीनं ठेवायचा, आईला चालत न्हाई. माझं पाप मी बोलून मोकळी झाले. तुझं तुला करावं लागंल.

तुमच्या युनिटमधी मंदिर हाय, तू पहिल्या वर्षी फोटो पाठवला होतास. तिथं जा. बिरोबा तिथं न्हाई म्हणू नको; तो मेंढरामागं फिरणारा देव हाय, जबलपूर त्याला लांब न्हाई. मूठ उघड, खाली ठेव. काय म्हणायचं सुचलं न्हाई तर गप्प राहा, त्याला चालतंय. माणसाला चालत न्हाई.

मग तिला फोन लाव. माझ्या नंबरावर न्हाई, तिच्या. ती साडेपाचला उठती.

आणि एकदम बोलू नको. आधी नुसती हाक मार, लांब ओढून. दोन पावलं थांब. मग बोल.